एक ते चार

नाशकात आले तेव्हा बच्छावसाहेब अठ्ठावीस वर्षांचे,
दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर.
खुर्चीचा एक पाय आखूड होता,
त्याखाली जुन्या बोर्डाची घडी मीच सरकवली.
मी त्यांची लघुलेखक.
साहेब सांगायचे भरभर,
विरामचिन्हं माझ्यावर सोडून.

दावा तांबट आळीतला.
वादी गर्गे मास्तर : बायको अंथरुणाला खिळलेली,
भिंतीपलीकडे दिवसभर ठाण् ठाण्.
प्रतिवादी वडनेरे : साहेब, तांबं मुकाट्याने वाकत नाही.

कमिशनर नेमायचा सोडून साहेब स्वतः गेले.
पालथ्या घंगाळावर दुपारभर बसले.
परतल्यावर मला म्हणाले,
बोरस्तेबाई, जरा मोठ्याने बोला.
निकाल दोन पानी :
दुपारी एक ते चार ठोके बंद.
खर्चाबाबत हुकूम नाही.

दोन वर्षांनी अपिलात तो फिरला.
‘पुराव्याला धरून नाही.’
साहेबांनी वाचलं, घडी घातली,
पुढचा पुकारा करायला सांगितलं.

मग कळवण, बीड, लातूर,
मग औरंगाबादचं खंडपीठ.
खुर्च्यांच्या पाठी उंच होत गेल्या,
पुढे चालायला चोपदार आला,
त्यांचा निकाल फिरवायचा
तर दिल्ली गाठावी लागे.
मी इथंच. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
पेन्शनही सुरू झालं.

निवृत्तीनंतर गंगापूर रोडला फ्लॅट.
एका दुपारी फोन : मोकळ्या आहात?

रिक्षाने गेलो.
गर्ग्यांच्या जागी कुरिअरचं ऑफिस.
शेजारी वडनेऱ्यांचा नातू
मोबाइलवर मॅच बघत बसलेला,
हातोडी मांडीपाशी.

काम नाही का रे?
आहे की. चारनंतर.
का?
आजोबांचा नियम.
अपील आम्हीच जिंकलेलो,
पण म्हणायचे, तो जज
उन्हाचा इथं येऊन बसला होता.

साहेबांनी नाव सांगितलं नाही.
घंगाळाची किंमत विचारली,
महाग आहे म्हणाले,
आणि उठले नाहीत.

चार वाजले. पोराने हातोडी उचलली.
नेमकं तेव्हाच साहेब काहीतरी बोलले.
तीन वर्षं मी त्यांचा खोकलासुद्धा उतरवलेला,
हे एवढं वाक्य ठोक्यांखाली गेलं.

परत सांगा, म्हटलं नाही.
त्या आवाजात
त्यांनाही ऐकू आलं नसतं.