चौथा रकाना

मिडल्सब्रोत, टीज नदीपासून दहा मिनिटांवर,
दोन मजल्यांच्या फरशा कापून उभा केलेला
काचेचा कॉलम.
मराठीत तो. कीथ गारबट त्याला ती म्हणतो:
"ती अजून तापली नाहीये. घाई करू नकोस."

कीथ इथला तंत्रज्ञ. त्याआधी बावीस वर्षं
नदीपलीकडच्या कारखान्यात, जिथे आता
कुंपण आहे, आणि कुंपणावर कुरव पक्षी.

संध्याकाळी सातला ती स्थिरावली.
सोळाही ताटल्यांवर द्रव एका लयीत खदखदतोय.
ही आमटीची उकळी नव्हे, आमटी भांडखोर असते.

मी तास लावला.
आत गेलं चाळीस किलो, अल्कोहोल आणि पाणी.
वरून निघालं पंधरा पूर्णांक एक,
तळातून चोवीस पूर्णांक एक.
बेरीज तीनदा केली, एकदा बोटांवर.
आठशे ग्रॅम नाहीत.

संगणकातल्या कॉलममधून काही सांडत नाही.
गेलं तेवढं आलं, हिरवी खूण, संपलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, मी स्वतःशी म्हटलं
आणि हसले,
आयुष्यात पहिल्यांदाच मला तेवढंच म्हणायचं होतं.
टॉर्च घेऊन वाकले. गॅस्केट कोरडं.
पंपाखाली टिश्यू धरला, कोरडा.
कंडेन्सरशी नाक नेलं: नुसता थंड रबराचा वास.

कीथने सँडविच संपवलं, हात पुसले,
नमुन्याच्या नळाखालचा डबा उचलून
काट्यावर ठेवला.
रिकाम्या डब्याचं वजन त्याला पाठ.

दर पाच मिनिटांनी नमुना, वरचा आणि खालचा,
आणि प्रत्येकाआधी नळी धुवायला
दोन घोट मीच सोडून देत होते.
चोवीस नमुने. सातशे वीस ग्रॅम.

मग त्याने वही उघडली. तीन रकाने छापील,
चौथा पट्टीने आखलेला, पेन्सिलीचा,
डोक्यावर किरटं अक्षर: बघण्यात गेलं.
मागची पानं चाळली. दरवर्षीचं अक्षर वेगळं,
रकाना तोच, आणि कुठल्याच पानावर
तो रिकामा नाही.

"अजून ऐंशी ग्रॅम राहतात, कीथ."
"ते सोड," म्हणाला,
आणि वाफेचा व्हॉल्व्ह आवळायला गेला.

रात्री बसस्टॉपवर वारा उलटा फिरला
तेव्हा स्वेटरच्या बाहीला वास आला.
त्यातले दोनेक इथे असतील.