हक्कसोड

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी सही केली
तेव्हा वीज गेली होती.
अंगठ्याची शाई पुसायला धाकट्याने रुमाल दिला.
बाहेर टपरीवर चहा झाला. थोरला म्हणाला,
तुला गो काय घेऊ? साडी की अंगठी?
म्हटलं, काड्या द्या.

वरच्या बागेतल्या चार झाडांच्या चार काड्या,
पेन्सिलीएवढ्या जाड, डोळा फुगलेल्या.
आठ दिवस आधी पानं खुडा, देठ राहू देत.
दोघे एकमेकांकडे बघत राहिले,
जसं काही मी सातबाराच परत मागितला.

शिरोड्याला माझ्या मागीलदारी दीड गुंठा,
पलीकडे मिठागराचा बांध,
मध्ये एकच रायवळ, कुणीतरी चोखून भिरकावलेल्या कोयीचा.
आंबट असा की खारीसुद्धा
अर्धा खाऊन टाकून जातात.

श्रावणातल्या उघडिपीला पास्कू आला.
ओल्या गोणपाटातून एकेक काडी सोडली:
हापूस, पायरी,
शेपू, ज्याला खरोखरच शेपूचा वास,
आणि विहिरीकडचा, ज्याला नाव नव्हतं.
आम्ही त्याला 'तिचा' म्हणायचो.
लावणारी आत्या पहिल्या बाळंतपणात गेली,
तिचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

चाकू पास्कूने माझ्याच हातात दिला.
"काप एका दमात घाल गो बाय,
दोनदा घातलेलो जुळणा नाय."
पाचर. खाच. सालीला साल.
वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट,
आणि त्यावर टोपीसारख्या
नातवाच्या पेप्सीकोल्याच्या रिकाम्या नळ्या.
कुंपणावरून शेजारीण म्हणाली,
झाडाला सलाइन लावलंस की काय?

एकविसाव्या दिवशी हापूस काळा पडला.
कुणाला सांगितलं नाही.
बाकी तिघांनी तांबूस जिभा बाहेर काढल्या.

चौथ्या वर्षी पायरी सात.
शेपू तीन, त्यातला एक वटवाघळाने नेला.
विहिरीकडचा एक.

मे महिन्यात भाऊ आले,
बागेला गिऱ्हाईक मिळालंय सांगायला.
विहीर बुजवणार म्हणाले, रस्ता तिथूनच जातो.
कडेचं झाड गेल्याच महिन्यात पाडलं.
मी आत जाऊन तो एक कापून आणला.
धाकटा फोड तोंडात धरून थांबला,
हा... तिचा ना?
थोरला काहीच बोलला नाही.
बाठा मात्र ताटलीत टाकला नाही त्याने,
बराच वेळ चोखत बसला,
मग खिशात घातला, तसाच, ओला.

जोडाच्या खाली रायवळाचे फुटवे येतात.
ते खुडत जा, नाहीतर वरचं उपाशी मरेल,
पास्कू बजावून गेलाय.
खुडते मी.
बांधाकडचा एक तेवढा राहिलाय.
परवा बघितलं, त्याला मोहोर आला होता.