सुकतीचा आवाज

भरतीला फळी धक्क्यावर अलगद बसते,
सुकतीला आपटते.
तेवीस वर्षं मी ती सोडतो, उचलतो,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
आवाजावरून सांगतो मांडवीत पाणी किती.

म्हणून माझ्याच कानाखाली
टक् झालं तेव्हा
मला आधी पाणीच आठवलं.

कात्र्याचा पाव मोडताना टक्.
जांभई देताना टक्, मिटताना पुन्हा,
जरा हलकं.
प्रेमावतीनं ताटावरून मान वर केली:
तिसऱ्याची शिंपी आली का दाताखाली?
त्या दिवशी तर कुळथाची पिठी होती.

निकाल मी आधीच लावला होता.
डावीकडची खालची दाढ म्हापशाला काढली,
बोडगेश्वराच्या जत्रेआधीच्या शुक्रवारी.
शेजारच्या दोघी त्या खड्ड्यात कलल्या.
वरचं खालच्यावर बसत नाही,
मग सांधा वाजणारच.
फळी वाकडी तर बिजागरी कुरकुरते,
हे काय मला शिकवायचं?

डॉ. ईव्हेट मास्कारेन्यश यांनी
दातांत निळा कागद धरला.
चावा. डावीकडे सरकवा. आता उजवीकडे.
आरशात माझ्या दातांवर निळे ठिपके,
कुठे गडद, कुठे नुसती सावली,
ओल्या फळीवर टायरांची नक्षी उठावी तसे.
म्हटलं, घासा.
निळं दिसतं तिथे घासून सपाट करून टाका.

त्यांनी यंत्र उचललंच नाही.
दोन बोटं माझ्या कानापुढे ठेवली,
डोळे मिटले,
इंजिनावर हात ठेवून आमचा जुना सारंग मिटायचा तसे.
उघडा. पुरो. मिटा.

आत एक चकती असते, म्हणाल्या, कूर्चेची,
हाडाच्या टोकावर टोपीसारखी.
तुमची जरा पुढे घसरते.
तोंड उघडलं की हाड पुन्हा तिच्यात शिरतं.
तो टक् म्हणजे टोपी घातल्याचा आवाज.
आणि दाढ?
दाढ शेजारीण आहे हो,
प्रत्येक भांडणात तिचं नाव येतं.
कधी असतो तिचा हात, बहुतेकदा नसतो.
वाकड्या दातांचे कितीतरी जबडे मुके,
सरळ दातांचे वाजतात.
दुखतं? नाही. अडकतं? नाही.
मग नुसत्या आवाजासाठी दात घासायचे नाहीत.
घासलेला दात परत येत नाही.

थांबून विचारलं: दात आवळता का?

मी नाही म्हटलं.
नाही म्हणताना आवळलेलेच होते.

फळी टेकायच्या आधीच
स्कूटरवाले पुढचं चाक काढतात,
रोज, सकाळी आठच्या खेपेला,
आणि ओरडायचं ते सगळं मी
दाढांखाली धरून ठेवतो,
पलीकडे उतरवतच नाही.

ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.
जांभईला हनुवटीखाली मूठ.
आठवडाभर पेज.
एवढंच औषध. चिठ्ठीसुद्धा नाही.

रात्री प्रेमावतीनं विचारलं, काय म्हणाली?
वाजू दे, म्हणाली.
तिचा विश्वास बसेना. जवळ सरकली,
माझ्या गालाला कान लावला.
टक्.
आत कोण दार लावतंय रे?
आणि हसली, मोठ्यांदा, तोंड भरून,
कान अजून माझ्या गालावर.

तेव्हा मला लागलं हाडाला हाड लागून:
तिच्यातही, बारीक,
वाफेवर तिसरी उघडावी तसं.

तिला माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.
उद्या कात्रे घेऊ नकोस, एवढंच म्हटलं,
पेज दोघांचीच टाक.