पाणी मुरायला जागा

थॉर्नबरीतल्या त्या घरापुढे
बारा मीटर बाय नऊ, नुसतं काँक्रीट.
मध्ये एक लिंबाचं झाड,
गळ्याशी घट्ट कॉलर आवळल्यासारखं.
भिंतीलगत चीजच्या रिकाम्या डब्यांतून
तुळशीची एक चुलतबहीण,
किरिया स्तामातिया येता-जाता तिचं पान चुरडते
आणि बोटं हुंगते.

मला बोलावलं होतं तिच्या मुलीने, आन्थुलाने.
मेलबर्नचा जानेवारी, अंगणावर पापड भाजला असता.
"आणि पाऊस झाला," ती म्हणाली,
"की सगळं पाणी शेजारच्या गॅरेजात.
काहीतरी हिरवं सुचव. आईला मी समजावते."

मी सुचवलं. सुचवण्यात माझा हात सैल आहे.
कांगारू गवताचे झुबके, उन्हात तांबूस होणारे,
कुंपणाशी घंटेसारख्या फुलांची कोरिया,
वळत वळत जाणारी खडीची वाट
(वाट नेहमी वळतीच काढतो आम्ही,
सरळ काढली तर गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरतं),
एक बाक, बँक्सियाच्या सावलीत, झाड मोठं झाल्यावर.

किरियाने नकाशा उलटा धरला, मग सुलटा.
दोन्हीकडून तिला सारखाच दिसला असावा.
मी विचारलं, "सध्या इथे पाणी मुरतं कुठे?"
"कुठेच नाही," ती म्हणाली.
"म्हणून तर केलं."

मग कळलं.
डोंगरातलं गाव, हिवाळाभर घोट्यापर्यंत चिखल.
लग्नाच्या दिवशी तिचा एक बूट त्यात रुतला तो रुतलाच,
देवळात ती एका बुटावर उभी राहिली
आणि सासूने ते आयुष्यभर सांगितलं.
पांतेलिसने बोटीवर शब्द दिला होता:
माझ्या दारात तुला चिखल दिसणार नाही.
टायरच्या कारखान्यातून सुटी मिळायची रविवारची.
असे नऊ रविवार, उसना मिक्सर,
शेवटी गुडघ्यांवर बसून थापीने घोटाई,
आणि उतार मीटरमागे एक सेंटीमीटर, अगदी बरोबर.
उंबऱ्यावर गोटी ठेवली की आपली आपण
थेट गटाराच्या जाळीत.
पाहुण्यांना करून दाखवायचा. जेवणाआधी.

आन्थुला म्हणाली, "आई, ते पन्नास वर्षांपूर्वी."

किरिया आत गेली.
खण उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
बाहेर आली तेव्हा मुठीत हिरवी गोटी.
वाकायला तिला दाराची चौकट धरावी लागली.

गोटी निघाली.
नेमाने चार-पाच मीटर गेली,
लिंबापाशी जरा घुटमळली,
मग डावीकडे, कुंपणाच्या दिशेने,
आणि एका भेगेच्या तोंडाशी थांबली.
जाळी पार पलीकडे.

कोणी काही बोललं नाही.
वरच्या तारेवर एक मॅगपाय तेवढा गळा साफ करत होता.

"जमीन सरकली," किरिया म्हणाली,
त्याची चूक नव्हती, हे आधी मिटवून टाकल्यासारखं.
मग माझ्याकडे वळून:
"गोटी थांबली तिथे फोड. तिथेच. बाकीच्याला हात लावायचा नाही."

एवढंच काम झालं शेवटी.
दीड मीटरचा खळगा, खाली खडी, वर वाळूमाती.
फोडलेले तुकडे तिने टाकू दिले नाहीत,
घोटलेली बाजू वर करून काठाने बसवून घेतले.
कांगारू गवत एक झुबका, माझ्या समाधानासाठी.
उरलेल्यात तिने रानचिकोरी पेरली: "हे निदान उकडून खाता येतं."

जाताना मी नळी सोडून पाहिली.
पाणी उतारावरून आलं, खळग्यात फिरलं,
बुडबुड करत खाली गेलं.
तळाशी मऊ, काळा, चकाकता चिखल.
ती काठावर उभी राहून बघत होती,
नाव आठवतंय पण हाक मारावी की नाही, अशी.

मग पैसे मोजून दिले, पिशवीभर लिंबं दिली,
आणि मी फाटकाशी पोचल्यावर मागून म्हणाली,
"परत ये एकदा.
लिंबाचीही कॉलर जरा सैल करू."