दोनशे दहा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोरात फुंका.
एकदाच, पण आतली सगळी हवा.
पांढरी नळी, तिच्यावर आकडे,
आणि एक लाल काटा
जो माझ्या फुंकरीने दोनशे दहावर जाऊन बसला.
किती हवेत?
तुमच्या वयाला, उंचीला, साडेतीनशे तरी.
मला हसू आलं.
सातव्या वर्षापासून फुंकणी फुंकतेय,
ओल्या किंजळीच्या फाट्यांनाही जाळ आणलाय,
तेव्हा कुणी आकडा लावला नव्हता.

त्यांनी केसपेपरच्या मागे एक नळी काढली,
तिच्या आत दुसरी, अरुंद.
आत सूज आहे, म्हणाल्या,
आणि बाहेरून स्नायू आवळतात.
म्हणजे आमचा व्हाळ, मी म्हटलं,
दोन्ही काठांनी गाळ धरला की
पाणी असून वाट नाही.
अगदी तसं. पण हा गाळ रोज थोडा उपसावा लागतो,
बरं वाटत असलं तरी.

कशाने दम लागतो ते वहीत लिहा.

सोमवार. खालच्या मळ्यात भाजावळ.
रात्री दोनला उठून खिडकीशी बसले.
मंगळवार. सुरंगीचा वळेसर माळला.
काढून बाहेर जास्वंदीवर टांगला. वास आत येतच राहिला.
बुधवार. देवघरामागची भिंत पुसली,
श्रावणापासूनची बुरशी. छातीत शिट्टी.
गुरुवार. बांगड्याचं तिखलं खाल्लं.
सासू नको म्हणायची. काही झालं नाही.
रविवार. धाकट्याशी फोनवर भांडले, पैशावरून.
हेही लिहायचं का?

बाईंनी वही वाचली आणि विचारलं,
तुम्ही कामाला कुठे जाता?
ते मी लिहिलंच नव्हतं.
काजूचा कारखाना, वेंगुर्ल्याच्या अलीकडे,
भट्टीच्या तोंडाशी अकरा वर्षं.
सालातल्या तेलाचा धूर
पगारात धरलेला असतो, असं आम्ही समजतो.

दोन पंप मिळाले.
निळा, अडकलं की.
तपकिरी, सकाळ-संध्याकाळ, नंतर चूळ भरायची.
निळ्यावर माझा लगेच विश्वास बसला,
नरड्याला धरलेला हात सुटावा तसा तो लागतो.
तपकिरी घेतला की काहीच होत नाही.
काहीच होत नाही, हेच औषध,
हे कळायला मला दीड महिना लागला.

शेजारीण म्हणाली,
"पंप एकदा लागलो की सुटणा नाय गो."
बाबांनाही हेच सांगितलं होतं कुणीतरी.
ते गेल्यावर कणगीमागे त्यांचा पंप सापडला,
वेष्टनही न फोडलेला.
तरी बाराव्याला लोक बोललेच,
"पंपान खाल्लान तेका."
मी पानं वाढत होते. बोलले नाही.

मुकादमाला चिठ्ठी दाखवली.
त्याने भट्टीवरून काढून ग्रेडिंगला बसवलं,
रोज वीस रुपये कमी.
अख्खा, पाकळी, तुकडा. अख्खा, पाकळी, तुकडा.
वीस रुपयांत किती श्वास येतात
हा हिशोब मी मांडला नाही, मांडला तर चुकेल.

काल फुंकलं. दोनशे ऐंशी.
चूल पेटवायला पुरे,
घाटी चढायला अजून नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत निळा घेतला,
सगळ्यांच्या देखत, डबा उघडा ठेवून.
हात धुताना फिलोमिना मागे आली,
वीस-एकवीसची, भट्टीवर माझ्या जागी बसते ती.
नळ सोडून ठेवला तिने, आवाज जाऊ नये म्हणून.
"माका पण रातची शिट्टी वाजता गो."
कधीपासून?
"शाळेत होतंय तेव्हापासून.
आवस म्हणता, लगीन होयसर बोला नको."

पंप मी दिला नाही, तो ज्याचा त्याचा असतो.
दवाखान्याचा वार सांगितला, गुरुवार.
वहीचं मधलं जोडपान काढून दिलं
आणि वर तारीख घाल म्हटलं.