सहा हजार चारशे मैल

कारमार्थनच्या बाहेर, जिथे विक्रीचे झेंडे
वाऱ्यात स्वतःलाच थपडा मारत असतात,
तिथे आम्ही शनिवारी टेप घेऊन गेलो.
शिंपीकामाची टेप, एमिरच्या आईची.
गाडी बघायची म्हणजे आधी मागची सीट मोजायची.
तीन मुलांच्या तीन खुर्च्या, खेटून,
प्रत्येकी चव्वेचाळीस सेंटिमीटर.
तिसरं अजून पोटात आहे,
पण त्याच्या खुर्चीचं माप पक्कं आहे.

टोमॅटो बाहेर उभी होती.
नाव मुलांनी ठेवलेलं, रंग उन्हाने विटवलेला.
तिचं दार जरा उचलून लावावं लागतं,
म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवताना
कोपराखाली हात देतो, तसं.
डिकीत एक तर बाबागाडी मावते
नाहीतर आठवड्याचा बाजार.
सहा वर्षं मी पावाचं पुडकं
मांडीवर घेऊन घरी आले आहे.

"जवळपास नवी," गेथिन म्हणाला.
"आठ महिने, सहा हजार चारशे मैल, एकच मालक."
जवळपास म्हणजे किती जवळ?
नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे.
ते कुणीतरी आधीच जगून गेलं होतं,
आणि तेवढ्याचेच पाच हजार पौंड कमी झाले होते.
आम्हाला दहाव्या दिवसापासूनची गाडी परवडत होती.

एमिरने बॉनेट उघडलं.
त्याला त्यातलं काही कळत नाही,
पण उघडून "हं" म्हणायचं असतं.
नेस्ताने सगळ्या काचा खाली केल्या, वर केल्या.
मॅक्सेनला फक्त कप ठेवायचा खळगा आवडला,
त्यात त्याने आपला एक मोजा ठेवून दिला.
मी मागे बसले, पोट सावरत टेप ताणली:
एकशे चौतीस.
बोट जाईल एवढी जागा उरत होती.

आणि मग हाताला ते खोलगट ठसे लागले.
दोन चौकोन, दोन्ही खिडक्यांशी,
कापडात चांगले रुतलेले.
मधली जागा सपाट.
फटीत एक बेदाणा.

"कंपनीची गाडी होती," गेथिन म्हणाला,
जरा घाईनेच.
कंपनीला मुलं नसतात.

आठ महिन्यांत अशी गाडी कोण परत करतं?
नोकरी गेली असेल.
किंवा एका घराची दोन झाली असतील,
आणि दोन्हीकडे ही मोठी पडली असेल.
किंवा
पुढचं मी मनातही म्हटलं नाही.
बेदाणा कोटाच्या खिशात टाकला.

तिकडे घासाघीस चालली होती,
रबरी मॅट, भरलेली टाकी, टोमॅटोचे साडेसहाशे.
गेथिन सातशेवर आला,
टोमॅटोकडे एकदाही वळून न बघता.
एमिरने मात्र किल्ली देताना
कारण नसताना दार पुन्हा उघडलं,
उचलून, नीट लावलं.

सह्या झाल्या. रस्त्याला लागलो,
वाटेत बाजारही उरकला.
नेस्ताने मागून हात लांब करून
पडद्यावरचं घराचं चित्र दाबलं.
पत्ता कुणीच पुसलेला नव्हता.
पश्चिमेला, समुद्राजवळचं कुठलंसं गाव,
तिथे आम्ही कधी गेलेलो नाही.
आम्ही पूर्वेकडे निघालो होतो.
"शक्य होईल तिथे मागे वळा," गाडी म्हणाली.
गोल चौकात म्हणाली,
पुलावर म्हणाली,
मेंढ्यांच्या कुंपणापाशी पुन्हा, तितक्याच शांतपणे.
मुलं खिदळत होती.
"घरी गेल्यावर पुसू," एमिर म्हणाला,
आणि आवाज कमी केला, बंद नाही केला.

सामान सगळं डिकीत होतं, वर जागा उरून.
एका वळणावर मी दचकून
मांडी चाचपली,
पाव कुठे गेला म्हणून.