स्थिती : क्षारयुक्त

मेजर अकाउंट्स. मायनर संग्रहालयशास्त्र,
चार क्रेडिट, मंगळवार-गुरुवार दुपारी तीन ते पाच,
वाशीच्या कॉलेजात, जुन्या झूलॉजी लॅबमध्ये,
जिथे अजून फॉर्मलिनचा वास येतो
आणि बरणीतला एक साप आमचं लेक्चर ऐकत असतो.

गुप्ते मॅडम म्हणतात, जुनं म्हणू नका. किती जुनं?
तुटकं म्हणू नका. कुठे, किती मिलिमीटर?
सुंदर तर अजिबात लिहायचं नाही.
त्या दिवसापासून मी घरी कमी बोलते.

घरून एक वस्तू आणा, नोंदपत्र भरा.
रेहान फक्कीने आजोबांचा जहाजावरचा परवाना आणला,
बेनिटाने बंद पडलेला पेजर.
मी करावे गावातून, रिक्षात आडवी घालून,
साडेपाच फुटी दांड्याची फळी आणली.
रिक्षावाल्याने तिचे वेगळे वीस घेतले.

माळ्यावरून काढताना बाबा म्हणाले होते,
"ह्या कं ठेवाचा हाय? चुलीला पन लागत नाय."
आणि मग ती धरून उभे राहिले बराच वेळ,
पाठ किंचित वाकवून.

नाव : मीठ ओढायची फळी.
द्रव्य : लाकूड, बहुधा बाभूळ. खिळे दोन, गंजलेले.
प्राप्ती : भेट / खरेदी / सापडलेली.
एकावरच खूण करा.
मिठागर गेलं तेव्हा जी मागे राहिली
तिला काय म्हणायचं?
रकान्याबाहेर लिहिलं : उरलेली.

मूळ स्थान. इथे मॅडमची पेन्सिल थांबली.
"करावे पुरत नाही. नेमकं."
नेमकं म्हणजे आता पोडियम पार्किंग, बी विंग,
जिथे बाबा रात्री गेट उघडतात.
लिहिलं.

अकाउंट्सच्या वहीत या फळीचा घसारा
केव्हाच पूर्ण. शिल्लक किंमत शून्य.
इथे तिला नंबर मिळतो,
आधी वार्निशचा पातळ थर, त्यावर आकडा, वर पुन्हा थर,
म्हणजे कधी पुसावा लागला तर पुसता येतो.
नंबरनेसुद्धा वस्तूला इजा करायची नसते.
हे सातबाऱ्याला कुणी शिकवलं नाही.

मग स्थिती.
दांड्यावर पांढरी बुरशी, मी लिहिलं.
मॅडमनी भिंग दिलं. बुरशी नव्हती, खडे होते.
"लाकूड अजून मीठ बाहेर टाकतंय.
क्षार वस्तूला आतून फोडतो.
उपचार : डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं. पाणी बदलत. कित्येक आठवडे."

कापसाचा बोळा ओला केला,
मुठीच्या जागेवरून हलके फिरवला.
तिथे खोबण पडलीय,
आणि अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला.
आजा डावखुरा होता, मला कुणी सांगितलं नव्हतं.

उपचाराच्या रकान्यात लिहिलं : करू नये.
कारण : मीठ काढलं तर नुसती फळी राहील.
मॅडमनी अर्धा गुण कापला,
"कारण शास्त्रीय नाही,"
आणि स्वतःच्या हाताने नंबर घातला.

सगळे गेल्यावर हातमोजे काढले,
बोळा जिभेला लावला.
साप बघत होता.